डालग्याखालचं मांजर

आक्का, आज सकाळी तुमच्या थोरल्या म्हशीनं मला लाथ मारली. चरवी उपडी झाली, दूध गव्हाणीपर्यंत वाहत गेलं आणि मी तिथंच शेणात बसून रडले. रडण्याइतकं काही लागलं नव्हतं. तुम्ही असतात तर आधी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला असतात आणि मग मला म्हणाला असतात, "तुजा हात गार आसंल, ती तरी काय करंल?" चूक कायम माझी आणि म्हस कायम बिचारी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हा न्याय ऐकतेय. आता न्याय करणारं कुणी नाही, तर म्हस आणि मी दोघी एकमेकींकडं बघत बसतो.

थोरली जाऊ म्हटल्यावर मी घाबरून आले होते. माहेरी आईनं बजावलं होतं, सासू परवडली पण जाऊ नको. तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्या हातातला हंडा काढून घेतलात आणि म्हणालात, "वजन मी उचलते, तू बोलत चल. ह्या घरात बायकांसंगं बोलायला कुनी न्हाई." पुढं वाटण्या झाल्या, चुली दोन झाल्या, मधे भिंत आली. गोठा मात्र एकच ठेवायला लावलात. भाऊ भाऊ बांधावरून बोलेनासे झाले तरी आपण दोघी पहाटे धारा काढताना त्यांचीच उणीदुणी काढून हसायचो. भावकीत त्यामुळं आपलं नाव फारसं चांगलं नव्हतं, आणि त्याची आपल्याला लाजही नव्हती.

जनावरानं वैरण सोडली, तोंडातून लाळ गळायला लागली की आपल्या खुटबाव गावात पहिलं बोलावणं तुम्हाला यायचं, डॉक्टरला नंतर. तुम्ही बाही वर सारायचात, डाव्या हातानं जीभ बाजूला धरायचात आणि उजवा हात कोपरापर्यंत घशात. आंब्याची कोय, उसाचं कांडं, काय काय काढलंत त्या हातानं. मालक हात जोडायचे आणि तुम्ही त्यांनाच शिव्या घालायचात, जनावराच्या पुढ्यात काय टाकता म्हणून. मी म्हणायचे, "आक्का, पुरं झालं आता. डॉक्टर कशाला शिकल्यात मंग?" तुम्ही म्हणायचात, "डॉक्टर यीस्तवर जनावर थांबतं व्हय?" हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. मी हरले असंही झालं नाही, जिंकले असंही नाही. आता जिंकून तरी काय करू.

मांजर आलं तेव्हा कांद्याची काढणी चालली होती. कडब्याच्या गंजीत दोन दिवस नुसते डोळे दिसत होते. आपल्याकडं मांजर नकोसं झालं की पोत्यात घालतात, तोंड बांधतात आणि कालव्याच्या पलीकडं नेऊन सोडतात, परतीची वाट कळू नये म्हणून. तसंच कुणीतरी सोडलेलं असणार. मी म्हटलं, "आक्का, दुसऱ्यानं दारातनं हुसकल्यालं मांजर हाय. कशाला ठिवता?" तुम्ही म्हणालात, "मी बी कासुर्डीहून दुसऱ्याच्या दारातनंच आलीया. मला ठिवलंच की." तुमचा विकास पुण्याला नोकरीला गेल्यापासून तुमच्या अर्ध्या घरात भाऊजींच्या खोकल्याशिवाय आवाज नव्हता, हे मला दिसत होतं. म्हणून मी हट्ट सोडला. तुम्ही तिला चिंगी म्हणायला लागलात. धारेच्या वेळी ती तुमच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि तुम्ही एक धार थेट तिच्या तोंडावर मारायचात. मला वाटतं त्या चार-सहा दिवसांत तुम्ही जितक्या हसलात तितक्या वर्षभरात हसला नसाल.

मग तिनं दूध सोडलं. गव्हाणीच्या खाली अंधारात जाऊन बसली. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, आणि हाक मारली तर ओळख नसल्यासारखी बघत होती. आदल्या दिवशी शेजारी मासळी झाली होती. तुम्ही लगेच निदान केलंत, "काटा आडाकलाय घशात." मी काही म्हणायच्या आत तिला मांडीत दाबून धरलंत आणि बोट तोंडात घातलंत. जन्मभर म्हशींच्या घशात हात घातलेली बाई तुम्ही, मांजराला काय भिणार. तिनं कडकडून चावा घेतला. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. बोटावर हळद दाबलीत, चिंधी गुंडाळलीत आणि म्हणालात, "काटा खोल हाय. दवाखान्यात न्यावं लागंल."

मला त्याही परिस्थितीत हसू आलं. म्हशीला कधी डॉक्टर दाखवला नाहीत, वासरू अडलं तर स्वतः सोडवलंत, आणि आठवडाभरापूर्वी आलेल्या मांजरासाठी वरवंडच्या जनावरांच्या दवाखान्यात जायला निघालात. पोत्यात घालू म्हटलं तर माझ्यावर ओरडलात, पोतं बघून तिला वाटेल पुन्हा सोडायला चाललेत. शेवटी कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं घेतलं, त्याच्याखाली तिला ढकललं आणि खालून गोणपाट आवळून बांधलं. ढकलताना माझ्या मनगटावर तिचा दात लागला, जरासं खरचटलं. सलीममामा आपल्याच गल्लीतले, कांद्याच्या गोण्या टाकायला टेम्पो घेऊन निघालेले. त्यांनी गोण्या सरकवून डालग्याला जागा केली आणि सगळ्या वाटेनं गाडी हळू चालवली. म्हणाले, "आमच्यात मांजराला लई मान हाय वहिनी. मांजर आपसूक घरात आलं तर बरकत येती." तुम्हाला ते इतकं आवडलं की तुम्ही त्यांना दोनदा बोलायला लावलंत.

दवाखान्यात खोड्यात एक कालवड उभी होती आणि तिचे मालक, पागोट्यातले एक आबा, तिची शेपटी धरून होते. शिपायानं म्हस आणलीय असं समजून मान वर न करता विचारलं, "कितव्या वेताची?" तुम्ही म्हणालात, "मांजर हाय, बाबा." सगळा दवाखाना हसला, कालवडीला टोचायला आलेला माणूससुद्धा. आबांनी डालग्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "जपून बाई. मांजर हातनं मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतंय. त्याबिगर सुटका न्हाई." पुन्हा हशा झाला. तुम्हीही हसलात. लहानपणापासून सगळ्यांनीच ऐकलेली गोष्ट ती, तिच्यात घाबरण्यासारखं काय आहे असं मला तेव्हा वाटलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी मांजराच्या तोंडाला हात लावला नाही. लांबूनच बराच वेळ बघत राहिल्या. मग पहिला प्रश्न आपल्यालाच केला, "हिच्या तोंडात कुणी हात घातला होता का?" तुम्ही चिंधीचा हात पदराखाली घेतलात. "न्हाई वो. आरखडलं जरासं." मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. मी सांगितलं, "बोट घातलं व्हतं, डॉक्टर. काट्यासाठी." डॉक्टरीणबाईंनी लगेच नळाखाली तुमचं बोट आणि माझं मनगट साबणानं धुवायला लावलं, खूप वेळ धुवायला लावलं. म्हणाल्या, "काटा नाही. पिसाळल्याची शंका आहे. खात्रीनं आज सांगता येत नाही. दोघींनी इथून सरळ दौंडला जाऊन इंजेक्शन घ्या आणि पुढची सगळी घ्या. मांजराला वेगळं कोंडा, हात लावू नका. दहा दिवस लक्ष ठेवा. मेलं तर त्याच दिवशी मला फोन करा." तुम्ही बाहेर आल्यावर म्हणालात, "पिसाळतं ते कुत्रं. मांजर कुठं पिसाळतंय?" तरी सलीममामांनी ऐकलं नाही. गोण्या तशाच ठेवून त्यांनी आपल्याला दौंडला नेलं. दोघींनी सुई घेतली. तिथल्या सिस्टरनी पुढच्या तारखा सांगितल्या. जनावर कसंही असो, यायचंच, असंही सांगितलं. तुम्ही मात्र तिथंही चावा म्हणाला नाहीत, ओरखडाच सांगितलात.

घरी आल्यावर तुम्ही डालगं गोठ्याच्या कोपऱ्यात पालथं घातलंत, आत चिंगी, वर धोंडा. दुसऱ्या दिवसापासून मी रोज लांबूनच बघत होते. तुम्ही वाटीत दूध घ्यायचात, डालग्यापाशी बसायचात, कड जराशी उचलून वाटी आत सरकवायचात. थोड्या वेळानं रिकामी वाटी घेऊन बाहेर यायचात. मी विचारलं, "पिती का?" तुम्ही म्हणालात, "पिती की." डॉक्टरीणबाईंचा फोन माझ्या मोबाइलवर आला, मी तुमच्या कानाला लावला. "व्हय बाई, ठणठणीत हाय. दूध पिती." तारीख आली त्या दिवशी कांदा भरायला गाडी यायची होती. तुम्ही म्हणालात, "मांजर बरं हाय, मंग सुया कशाला टोचून घ्यायच्या?" मलाही ते पटलं. मग एक दिवस डालगं उताणं पडलेलं दिसलं. "सोडली. गेली रानात," म्हणालात आणि पाठ फिरवून शेण भरायला लागलात. मला वाटलं, लळा लागला होता म्हणून वाईट वाटतंय.

त्या डालग्याखाली काही नव्हतं, आक्का. तुम्ही रोज रिकाम्या डालग्याला दूध पाजत होतात, आणि भिंतीपलीकडं मी निश्चिंत भाकरी थापत होते.

पेरण्या आटोपल्यावर तुमच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. चावा कधीच भरून आला होता, तरी तुम्ही ते बोट दिवसभर चोळत राहायचात. मग ताप आला. त्या सकाळी मी चहा घेऊन आले. तुम्ही, चहाशिवाय डोळा न उघडणाऱ्या तुम्ही, कपाकडं बघितलंत आणि तुमचा गळा असा आवळला की कप माझ्या हातातून निसटला. पंखा लावला तर अंगावर काटा येऊन ओरडलात. दौंडच्या डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला, तुमच्याकडं बघितलं आणि मला बाहेर बोलावून सरळ पुण्याला न्यायला सांगितलं. तिथले डॉक्टर भाऊजींना काय म्हणाले ते मी भिंतीला टेकून ऐकलं. आता उपाय नाही, त्रास कमी होईल तेवढं करू. भाऊजी म्हणाले, "आवो, पन मांजर तर जित्तं हाय." मीही म्हटलं, जिवंत आहे, मी स्वतः दूध पाजताना बघितलंय.

दुपारी तुम्ही शुद्धीत होतात. अगदी तुमच्यासारख्या होतात. खोलीत आपण दोघीच. मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "सुमे, तुज्या मनगटाला लागलं व्हतं ना गं दात?"

"व्हय. कवाच बरं झालं."

"पुडच्या सुया घेतल्या का न्हाई तू?"

"न्हाई. तुम्हीच म्हनलात ना, मांजर बरं हाय."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "मेलीया ती. त्याच रातीला. सकाळी डालगं उचाललं तर ताठ झाल्याली. म्या वर धोंडा ठिवला व्हता. गुदमरली. माज्या हातनं मेली गं सुमे. बांधाच्या कडंला पुरली."

मी म्हटलं, "आक्का, आवो सांगायचं तरी."

"काय सांगू? मांजर मारलं म्हनून?" मग माझा हात इतका घट्ट धरलात की बांगडी पिचली. "जा तू. आत्ता जा. सुई घे. हितं माज्यापाशी थांबू नगंस. आन् हे कुनाला सांगू नगं. कासुर्डीला तर आजाबात न्हाई."

तुम्ही पाठवलंत म्हणून मी गेले. खाली रांग होती, केसपेपर काढायचा होता, कुठं खरचटलं, कधी, जनावर कुठं आहे, सगळं विचारलं. पहिल्यांदा मी खरं उत्तर दिलं, जनावर मेलं. त्यांनी टोचलं आणि बसवून ठेवलं. मी वर आले तेव्हा तुम्ही तुमच्या राहिला नव्हतात. डोळे उघडे होते, पण चिंगी गव्हाणीखालून माझ्याकडं बघत होती तसं तुम्ही बघत होतात. त्यानंतरचं मी लिहिणार नाही. विकासला आत येऊ दिलं नाही, एवढंच सांगते. त्यानं तुम्हाला तसं बघितलं नाही.

मला तुमचा राग येतो, आक्का. लोक सांत्वनाला येतात, रडतात, आणि मी आतून चिडलेली असते. जन्मभर कोंबड्या झाकल्यात तुम्ही त्याच डालग्याखाली. बांबूच्या फटींतून वारा खेळतो. एक तरी कोंबडी गुदमरली का कधी? कुणाचीही कालवड बघून तिच्या पोटात काय चाललंय ते सांगणारी बाई, आणि एका म्हाताऱ्याच्या थट्टेपुढं तुमची सगळी अक्कल गहाण पडली. मला एक शब्द बोलला असतात तर आपण दोघी तारखेला दौंडला गेलो असतो, येताना भेळ खाल्ली असती, आणि सोन्याच्या मांजरावरून मी तुम्हाला मरेपर्यंत चिडवलं असतं. खरं तर म्हणूनच बोलला नाहीत का? हे विचारायला आता तुम्ही नाही आहात.

आणि राग येऊन संपला की दुसरं आठवतं. घशातून पाणी जात नव्हतं, वारा सोसत नव्हता, आणि त्या थोड्या वेळच्या शुद्धीत तुम्हाला माझं मनगट आठवलं. ज्या पापाच्या भयानं तुम्ही स्वतःचा जीव घालवलात, ते पाप माझ्यासाठी तोंडानं उच्चारलंत. ते बोलून तुम्हाला स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. माझ्या सगळ्या सुया झाल्या. डॉक्टर म्हणतात, वेळेत आलात, आता काळजी नको. तरी चहा घेताना पहिला घोट मी जपूनच घेते. तो गिळला गेला की तुमची आठवण येते. मी जगलेय त्याचं कौतुक वाटत नाही, पण तुमच्यामुळं जगलेय हे मला माहीत आहे आणि दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

तुम्हाला पोचवून आल्यावर मी वरवंडला गेले. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, "ती कोंडली म्हणून मेली नाही हो. तुमच्या गोठ्यात आली तेव्हाच तिच्यात तो आजार असणार. कुणाच्याही हातात ती वाचली नसती." मी विचारलं, "डालग्यानं न्हाई ना?" त्या म्हणाल्या, "नाही. डालग्याचा काही संबंध नाही." हे वाक्य मी वाटभर मनात घोळवत आले. आणि गावात शिरल्यावर ध्यानात आलं की ज्या माणसाला ते सांगायचं होतं ते माणूसच घरी नाही.

दहाव्याला सगळे नदीवर जमलो. कासुर्डीहून तुमचे भाऊ-भावजया आल्या होत्या. पिंड मांडला, सगळे लांब सरकले. बाभळीवर कावळे होते, चांगले चार-पाच, पण खाली एकही येईना. भाऊजी हात जोडून म्हणाले, "म्हशी इकणार न्हाई." कावळा हलला नाही. विकास म्हणाला, "आये, अण्णास्नी पुण्याला घिऊन जातो, एकटं ठिवत न्हाई." नाही. तुमचे भाऊ म्हणाले, माहेरचं काही राहिलं असेल तर सांग, बाई. ऊन चढत गेलं. गुरुजींनी दर्भाच्या काड्या हातात घेतल्या, तेव्हा मला राहवलं नाही. कुणाला सांगू नकोस म्हणाला होतात. मी पुढं झाले, पदर सावरला आणि सगळ्या भावकीसमोर, कासुर्डीसमोर मोठ्यानं बोलले, "आक्का, मांजर तुमच्या हातनं मेलं न्हाई. आजारानं मेलं. डॉक्टरला इच्यारून आलीया मी. डालग्यानं न्हाई मेलं."

मागून तुमच्या भावानं विचारलं, "कंचं मांजर?" सगळे माझ्याकडं आणि मग बाभळीकडं बघत राहिले. मीही बघत राहिले, आक्का. इतकी वाट मी जन्मात कुणाची बघितली नाही. एक कावळा खालच्या फांदीवर उतरला, मान वाकडी करून त्यानं पिंडाकडं बघितलं, आणि उडून नदीपलीकडं गेला. बाकीचे त्याच्यामागं गेले. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "झालं. चला आता." सगळे निघाले. मी तिथंच उभी राहून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, ह्यांनी दंडाला धरून मला वाटेला लावेपर्यंत.